एचईआयसी फोटोचा जेपीजी केला, तरी फॉर्म घेत नाही. २० ते ५० केबीचं गणित काय आहे?

वाईकर_२१

बँक भरतीचा ऑनलाइन फॉर्म आहे. त्यात फोटो जेपीजी, २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी मागितलाय. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. फोटो आयफोनवर काढलेला, एचईआयसी, साधारण पावणेदोन एमबी.

आतापर्यंत केलेले प्रकार:

१) फाइलच्या नावातलं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं. फॉर्म म्हणतो, ‘फाइल अवैध’.
२) एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर जेपीजी करून २०० × २३० ला बसवला. फाइल ९ केबीची झाली. ‘२० केबीपेक्षा कमी’ म्हणून नाकारली. शिवाय चेहरा जरा फुगल्यासारखा दिसतोय.
३) दुसऱ्या साइटवर ‘५० केबीपर्यंत’ हा पर्याय निवडला. ५२ केबी दाखवतोय.

सहीची फाइल तर ३ केबीच्या वर जायलाच तयार नाही. लॅपटॉप विंडोजचा आहे. फोटोशॉप नाही. कुठे चुकतंय?

खटपट्या

आधी पहिला प्रकार. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही. डब्यावर ‘साखर’ लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. सर्व्हर नावाकडे बघतोच, पण बहुतेक ठिकाणी फाइलचे पहिले काही बाइटही तपासले जातात. जेपीजी फाइल नेहमी एफएफ डी८ एफएफ या बाइटने सुरू होते. एचईआयसीत पहिले चार बाइट सोडले की ‘एफटीवायपी’ आणि त्याला लागून बहुधा ‘एचईआयसी’ ही अक्षरं असतात.

शंका असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सगळा कचरा दिसेल, पण पहिल्या ओळीत ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही रोमन अक्षरं दिसली तर ती खरी जेपीजी. ‘पीएनजी’ दिसलं तर पीएनजी, ‘वेबपी’ दिसलं तर वेबपी, मग नावात काहीही असो. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर फाइल कायमची बिघडेल.

विंडोजमध्ये एक जास्तीची मेख आहे. एक्स्टेन्शन लपवलेलं असतं, त्यामुळे ‘फोटो.जेपीजी’ दिसणारी फाइल प्रत्यक्षात ‘फोटो.जेपीजी.एचईआयसी’ असू शकते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा.

उलट उदाहरणही आहे. ब्राउझरमधून सेव्ह केलेली फाइल कधी कधी ‘.जेएफआयएफ’ नावाने उतरते. ती मुळात जेपीजीच असते, तिथे मात्र नुसतं नाव बदललं तरी काम होतं.

एचईआयसीचा खरा जेपीजी करायला सगळ्यात सोपा रस्ता फोनवरच आहे. फोटो ‘फाइल्स’ ॲपमध्ये सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, ‘क्विक ॲक्शन्स’, मग ‘कन्व्हर्ट इमेज’. फॉरमॅट जेपीईजी, साइझ मूळचीच ठेवा. आयओएस १६ पासून ही सोय आहे. पुढचे फोटो थेट जेपीजीच हवे असतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’. आयफोनवर एचईआयसी २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर आलं, तेव्हापासून हा पर्याय तिथेच आहे. जुने फोटो मात्र त्याने बदलत नाहीत.

विंडोजवरच करायचं असेल तर स्टोअरमधलं एचईआयएफ एक्स्टेन्शन फुकट आहे, पण आतलं कॉम्प्रेशन एचईव्हीसीचं असतं आणि त्याचं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. म्हणून ‘एक्स्टेन्शन टाकलं तरी फोटो उघडत नाही’ ही तक्रार सारखी दिसते. गिम्प हे फोटो एडिटर उतरवा. ते फुकट आहे आणि एचईआयसी उघडतं.

पिक्सेलपंत

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचं उत्तर गुणाकारात आहे.

२०० × २३० म्हणजे ४६,००० पिक्सेल. प्रत्येकी ३ बाइट धरले तर कॉम्प्रेशन न करता १,३८,००० बाइट, म्हणजे जेमतेम १३५ केबी. जेपीजी साध्या क्वालिटीला, ८०-८५ ला, असा चेहऱ्याचा फोटो दहाएक केबीत बसवतं. मागे पांढरी भिंत असेल तर आणखी कमी, कारण सपाट भागाला जवळजवळ काहीच जागा लागत नाही. तुमचे ९ केबी त्यामुळेच. कन्व्हर्टरने चूक केली नाही, उलट जास्तच कौशल्य दाखवलं.

२० केबीच्या वर जायचं तर पिक्सेल तेवढेच ठेवून दोन गोष्टी करा. क्वालिटी ९५ किंवा वर न्या. आणि क्रोमा सबसॅम्पलिंग बंद करा, म्हणजे ४:४:४. नेहमीच्या ४:२:० मध्ये रंगाची माहिती दर चार पिक्सेलमागे एकदाच ठेवली जाते. ४:४:४ मध्ये ती प्रत्येक पिक्सेलची राहते आणि फाइल वाढते. फोटोप्रमाणे आकडा बदलतो, पण ९५ ते ९८ च्या दरम्यान बहुतेक चेहरे २० ते ४० केबीत येऊन बसतात.

गिम्पमध्ये: फाइल, ‘एक्स्पोर्ट ॲज’, नावाच्या शेवटी डॉट जेपीजी. पुढच्या खिडकीत ‘शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो’वर टिक केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना केबी तिथल्या तिथे दिसतात. ‘ॲडव्हान्स्ड’ उघडलं की सबसॅम्पलिंग सापडेल. पेंटमध्ये हे जमणार नाही. तिथे क्वालिटीची पट्टीच नाही, येईल ती फाइल घ्यायची.

एक साइट सुचवायची तर स्क्वूश. ती जेपीजीसाठी मोझजेपीईजी वापरते. गंमत अशी की ते लहान फाइल करण्यात इतकं पटाईत आहे की किमान मर्यादेच्या बाबतीत आपल्यालाच आडवं येतं. तिथे क्वालिटी आणखी वर न्यावी लागते. क्रोममध्ये ती एचईआयसी उघडत नाही, आधी जेपीजी करून न्या.

५२ केबीचं म्हणाल तर प्रॉपर्टीजमधली कुठली ओळ वाचलीत? ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ वेगळ्या असतात. डिस्क ४ केबीच्या ठोकळ्यांत जागा देते, म्हणून ४९ केबीची फाइलही डिस्कवर ५२ दिसते. फॉर्म बघतो ती पहिली ओळ.

आता चेहरा का फुगला ते. तुम्ही पासपोर्ट साइझच्या चौकटीत कापून घेतला होतात का? ३.५ × ४.५ सेंटिमीटरचं गुणोत्तर ०.७८ येतं. २०० × २३० चं येतं ०.८७. पहिलं दुसऱ्यात कोंबलं की चेहरा सुमारे १२ टक्के रुंद होतो. आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) सूचनांमध्ये ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो आणि २०० × २३० पिक्सेल हे दोन्ही आकडे दिलेले असतात, त्यामुळे हा घोळ घरोघरी होतो. कागदी फोटो स्कॅन केला असेल तर ३.५ सेंटिमीटर रुंदीला उंची ४ सेंटिमीटरच ठेवा. उरलेला अर्धा सेंटिमीटर खालून, छातीकडून कापा, डोक्यावरून नको.

फोनच्या मूळ फोटोत (३०२४ × ४०३२ असेल तर) २४०० × २७६० चा तुकडा कापा. तो बरोबर १२ पटीने लहान होऊन २०० × २३० होतो. क्रम असा ठेवा: आधी कापणं, मग लहान करणं, शेवटी एकदाच जेपीजी सेव्ह. मधल्या प्रत्येक टप्प्याला जेपीजी सेव्ह करत गेलात तर प्रत्येक वेळी थोडं थोडं गळतं. मध्ये थांबायचंच असेल तर पीएनजीत ठेवा, त्यात काही जात नाही.

दोन_क्लिक

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ‘इमेज साइझ वाढवा’ असं शोधा. २० केबी टाका, फाइल २० केबीची होऊन येते. फोटो कापायचा नाही, काही नाही.

पिक्सेलपंत

त्यातल्या काही साइट काय करतात ते सांगतो. जेपीजीचं चित्र एफएफ डी९ या खुणेवर संपतं. त्याच्या पुढे त्या नुसते निरर्थक बाइट चिकटवतात. वजन वाढतं, चित्र ९ केबीचंच राहतं. दुधात पाणी घालून लिटर भरण्याचा प्रकार. फॉर्मने फक्त वजन तपासलं तर चालून जाईल, पण हॉल तिकिटावर छापताना तोच पुसट फोटो येणार. २०० × २३० मध्ये जेपीजीचे ८ × ८ चे ठोकळे मोजून २५ आडवे आणि २९ उभे. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातले निम्मेही येत नाहीत. क्वालिटी खाली गेली की ते ठोकळे उघड्या डोळ्यांना दिसतात.

शाईचा_डाग

आणि मुळात सही आणि अंगठ्याचा ठसा अनोळखी साइटवर चढवायचा? बँक भरतीच्या फॉर्मला चार गोष्टी लागतात: फोटो, सही, डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हस्तलिखित घोषणापत्र. चारही एकाच साइटवरून एकाच बैठकीत बदलून घेतल्यात तर तुमची ओळख पटवायला लागणारं बरंच काही एका जागी गोळा झालं. ‘एका तासात फाइल पुसतो’ हे तळटिपेतलं वाक्य तपासायची सोय आपल्याकडे नसते.

तपासता येतं ते एवढंच: साइट उघडा, पान पूर्ण लोड होऊ द्या, मग वायफाय बंद करा आणि फाइल टाका. बदलून मिळाली तर काम तुमच्याच ब्राउझरमध्ये झालं, फाइल बाहेर गेली नाही. अडकली तर ती सर्व्हरवर जाणार होती. पंतांनी सांगितलेली स्क्वूश या परीक्षेत पास होते.

दुसरं, मूळ फोटोच्या एक्झिफ माहितीत तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. घरी काढलेला फोटो म्हणजे घराचा पत्ता. चढवण्याआधी तो भाग काढून टाका. गिम्पमध्ये एक्स्पोर्ट करताना एक्झिफ, एक्सएमपी आणि थंबनेलच्या टिक काढल्या की झालं. थंबनेल म्हणजे फाइलच्या आत दडवलेला आणखी एक छोटा जेपीजी, तो स्वतःच काही केबी खातो.

वाईकर_२१

पासपोर्टचीच चौकट होती, हो. आणि ५२ खरंच ‘साइझ ऑन डिस्क’ होतं. फोटोचं कळलं.

पण सहीला हा उपाय लागत नाही. क्वालिटी १०० आणि ४:४:४ केलं तरी ५ केबीच्या आसपास थांबते. किमान १० कुठून आणू?

शाईचा_डाग

सहीचं गणित फोटोपेक्षा अवघड आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही. १४० × ६० म्हणजे फक्त ८,४०० पिक्सेल. कॉम्प्रेशन न करताच ती २५,२०० बाइटची, म्हणजे साडेचोवीस केबीची. त्यातला नव्वद टक्के भाग पांढरा. १० केबी भरणार कशाने? काळ्या शाईत रंगच नाही, त्यामुळे ४:४:४ चा इथे जवळजवळ काही उपयोग होत नाही.

मार्ग पिक्सेल वाढवण्याचा. आयबीपीएसच्या सूचनांमध्ये १४० × ६० पुढे ‘प्रिफर्ड’ असा शब्द असतो. म्हणजे पसंतीचं, सक्तीचं नव्हे. केबीची मर्यादा मात्र पक्की. तेव्हा ७:३ हे प्रमाण राखून २८० × १२० किंवा ४२० × १८० करा. २८० × १२० मध्ये पिक्सेल चौपट होतात. मग क्वालिटीची पट्टी हलवत १२-१५ केबीवर आणून थांबा. तुमच्या फॉर्ममध्ये ‘प्रिफर्ड’ आहे की नाही ते आधी वाचा. पिक्सेलचीच सक्ती असेल तर हा उपाय नाही.

कागदावरची तयारी अशी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने ७ × ३ सेंटिमीटरची फिकट चौकट आखा आणि काळ्या शाईने सही करा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोचेल अशी. चौकटीच्या किंचित आतून कापा. चौकट भरली की रेघा जास्त येतात, केबी आपोआप वाढतात आणि छापल्यावर सही वाचता येते. बरेच जण अख्ख्या ए४ कागदाचा फोटो १४० × ६० मध्ये आवळतात, मग सहीची मुंगी होते. सही सुटी, नेहमीची हवी. कॅपिटल अक्षरांतली सही आयबीपीएस ग्राह्य धरत नाही.

‘स्कॅनर’ ॲपचं ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टर लावू नका. ते कागद चुन्यासारखा पांढरा करतं आणि रेघांच्या कडा करवतीसारख्या कापते. रंगीतच ठेवा. कागदाचा पोत राहिला तर दिसायला वाईट नाही, आणि तोच तुम्हाला दोन-तीन केबी मिळवून देतो.

खटपट्या

वरच्यात भर. अंगठ्याचा ठसा २४० × २४० पिक्सेल, २० ते ५० केबी. घोषणापत्र ८०० × ४००, ५० ते १०० केबी. या दोन्हींपुढे ‘२०० डीपीआय’ (दर इंचाला २०० ठिपके) असं लिहिलेलं असतं आणि लोक डीपीआयचा आकडा बदलणारी साइट शोधत बसतात. ते नुसतं स्कॅनरचं सेटिंग आहे. ३ सेंटिमीटर २०० डीपीआयने स्कॅन केले की २३६ पिक्सेल येतात, १० सेंटिमीटरचे ७८७. हेच गोल करून २४० आणि ८००. फाइलमधल्या डीपीआयच्या खणात २०० लिहिलं किंवा ७२ लिहिलं, पिक्सेल तेवढेच राहतात. म्हणून घोषणापत्र लिहायला १० × ५ सेंटिमीटरची जागा धरा. पूर्ण पानभर लिहून ८०० पिक्सेलमध्ये आणलंत तर अक्षरं वाचता येणार नाहीत. ते इंग्रजीत, स्वतःच्या हाताने, आणि तेही कॅपिटलमध्ये नको.

ठशाला शाईचं पॅड कोरडंसर असू द्या. ओल्या पॅडवर दाबलं की रेषा बुजून काळा गोळा उमटतो, मग कितीही डीपीआय घ्या.

सांगलीची_कैरी

याच विषयातला वेगळा प्रश्न विचारते, धागा भरकटवत असेन तर माफी. फोनवर फोटो सरळ दिसतो, जेपीजी केल्यावर फॉर्ममध्ये आडवा पडतो. आणि दुकानाच्या लोगोचा पीएनजी जेपीजीत बदलला की मागचा भाग काळा होतो.

पिक्सेलपंत

आडवा: फोन उभा धरला तरी सेन्सर आडवाच वाचतो. फोन फक्त एक चिठ्ठी लावतो, ‘दाखवताना वळवा’. एक्झिफमधला ओरिएंटेशनचा आकडा ६ असेल तर उजवीकडे ९० अंश. कन्व्हर्टरने पिक्सेल न वळवता चिठ्ठी फाडली की फोटो आडवा. एचईआयसीत वळवण्याची सूचना फाइलच्या बाहेरच्या डब्यातही (कंटेनरमध्ये) असते आणि एक्झिफमध्येही, त्यामुळे काही कन्व्हर्टर दोनदा वळवतात. गिम्प उघडताना ‘फिरवू का’ असं विचारतं, तिथे हो म्हणा आणि मग एक्स्पोर्ट करा. पिक्सेलच वळले की चिठ्ठीची गरज राहत नाही.

तिथेच दुसरा प्रश्न रंगांच्या प्रोफाइलचा येतो: ‘एसआरजीबीत बदलू का?’ तिथेही हो. आयफोन डिस्प्ले पी३ मध्ये रंग साठवतो. प्रोफाइल न बदलता नुसतं काढून टाकलं की चेहरा फिका, मरगळलेला दिसतो.

काळा: जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही. पीएनजीतल्या पारदर्शक पिक्सेलखाली काहीतरी रंग असतोच, बहुधा काळा, आणि पारदर्शकता काढली की तो उघडा पडतो. लोगोखाली पांढरा लेयर ठेवा, दोन्ही एकत्र करा, मग जेपीजी. पण लोगो जेपीजीत न्यायचाच कशाला? सपाट रंग आणि धारदार कडा यांना पीएनजीच बरं. जेपीजीत अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. फ्लेक्सवाल्याला द्यायचा असेल तर त्याच्याकडे मूळ सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा पीडीएफ आहे का ते आधी विचारा. २०० पिक्सेलचा लोगो दहा फुटांवर ताणून कुठलाही कन्व्हर्टर वाचवत नाही.

सांगलीची_कैरी

मूळ पीडीएफ आहे, तीच देते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो फॉर्मला चालत नाही म्हणतात, ते खरं का?

खटपट्या

अर्धं खरं. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो लहान करून पुन्हा दाबतं, पण तरीही तो २०० × २३० पेक्षा कितीतरी मोठा असतो. एवढ्याशा फोटोला फरक कळणार नाही. घोषणापत्र आणि ठशाला मात्र बारीक रेषा असतात, ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

मॅकवर काम करणाऱ्यांसाठी एक. मॅक १,००० बाइटचा केबी धरतो, विंडोज १,०२४ चा. मॅकवर २०.२ केबी दिसणारी फाइल १,०२४ ने भागली की १९.७ होते आणि फॉर्म परत पाठवतो. दोन्हीकडून दोनेक केबी अंतर ठेवा.

वाईकर_२१

फोटो २४०० × २७६० कापून २०० × २३०, क्वालिटी ९६, ४:४:४: २७ केबी. चेहरा फुगलेला नाही. माझ्या फॉर्मवरही सहीपुढे ‘प्रिफर्ड’ आहे. सही २८० × १२०, क्वालिटी ९५: १२ केबी. दोन्ही चढल्या.

घोषणापत्र ८०० × ४०० ला १३० केबी होतंय, ते आता क्वालिटी ७५ वर आणून बघतो.

शाईचा_डाग

७५ च्या खाली जायची वेळ आली तर थांबा आणि कागदावर सावली पडलीय का ते बघा. फोनची सावली म्हणजे पानभर करडे चढउतार, त्यातच केबी जातात. खिडकीजवळ, दिवसा, वरून सरळ फोटो घ्या. तीच क्वालिटी ठेवूनही फाइल उतरेल.